नदीचे मूळ, मेश्रामांचे कूळ

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, असे आपल्याकडे सांगतात. म्हण शहाणी आहे. पण ती पाळणारा मराठी माणूस मला अजून भेटावयाचा आहे. भंडाऱ्याहून साकोलीकडे निघालेल्या एस.टी.त दोन अनोळखी गृहस्थ शेजारी शेजारी बसले, की गाडी लाखनीला पोचण्याच्या आत एकाने दुसऱ्याचे आडनाव विचारलेले असते आणि ते ऐकून मनाशी काही जुळवाजुळवही केलेली असते. पानसुपारी पुढे करावयाची की खिडकीबाहेर पाहत बसावयाचे, हे त्या जुळवाजुळवीवर ठरते. ऋषीचे कूळ एक वेळ राहू द्या; शेजाऱ्याचे कूळ कळल्यावाचून आपल्याला चैन पडत नाही.

दिवाळी अंकांतून आडनावांवर लेख येतात, ते याच हौसेपोटी. वाघमारे यांच्या पूर्वजाने वाघ मारला होता काय, दहीभाते मंडळींच्या घरी कोणाला दहीभाताचे एवढे वेड होते, कोल्हे आणि लांडगे एकाच आळीत सुखाने कसे नांदतात, असे चालते. हे लेख मी आवडीने वाचतो. फराळाच्या ताटाशेजारी अंक उघडा ठेवून घरातल्या सर्वांनी मिळून वाचावे, असेच ते असतात. तथापि माझी एक तक्रार आहे. आडनाव कोठून आले, एवढेच हे लेख सांगतात. ते इतक्या लोकांनी का धरून ठेवले, हा प्रश्न ते विचारीतच नाहीत. वस्तुतः आडनावाचे मूळ हे फार तर एका माणसाचे किंवा एका घराचे असते. आडनावाचा प्रसार मात्र शेकडो घरांचा असतो, आणि माणसांचा इतिहास या दुसऱ्या गोष्टीत अधिक सापडतो, असे मला वाटते. हे पटवून देण्यासाठी मी एकच आडनाव घेतो, आमच्या भागात पावलोपावली भेटणारे. ते म्हणजे मेश्राम.

माझे वास्तव्य लाखनीचे. मुंबईहून कलकत्त्याकडे जाणारा हमरस्ता गावाला चिकटून जातो. पलीकडे धानाच्या बांध्या आणि पाण्याच्या बोड्या. आमच्याकडे गावांनासुद्धा आडनावे लागतात. मुरमाडी म्हटले की 'कोणती?' असा प्रश्न येतो, म्हणून एक मुरमाडी सरकारी कागदावर 'मुरमाडी/सावरी' झाली. पिंपळगावे तर जागोजागी आहेत; म्हणून सडकेवरचे ते 'पिंपळगाव/सडक'. एकाच नावाच्या दोघांना वेगळे ओळखता यावे, हे आडनावाचे पहिले काम, आणि गावांच्या बाबतीत ते चोख बजावले जाते. माणसांच्या बाबतीत मात्र गंमत होते. मी शाळेत मराठी शिकवीत असता हजेरी घेताना नुसते 'मेश्राम' म्हणण्याची सोय नव्हती. तीन बाकांवरून एकदम 'हजर' असा आवाज येई. या तिघांची घरे एकमेकांना सोयरी नव्हती, भाऊबंद नव्हती. त्यांचे देव, त्यांची लग्ने, त्यांच्या आजीच्या गोष्टी सगळे निराळे. आडनाव तेवढे एक. जे आडनाव माणूस वेगळा ओळखण्याच्या उपयोगी पडत नाही, ते माणसे का बाळगतात? आमच्या मेश्रामांचे खरे कोडे हे आहे.

प्रथम व्युत्पत्तीवाल्यांचे म्हणणे ऐकू या. इतिहासाचार्य राजवाड्यांनी नावांच्या आणि आडनावांच्या व्युत्पत्तीचा कोश रचला आणि मराठी आडनाव दिसले की त्याच्या पोटात संस्कृत शब्द शोधावा, अशी एक वाट पाडून दिली. राजवाड्यांची विद्वत्ता वादातीत आहे; पण त्यांच्या वाटेने जाणाऱ्या अनेकांजवळ ती विद्वत्ता नसते, नुसती वाटच असते. मेश्राम या शब्दात कोणी 'श्रम' पाहतो, कोणी 'राम' पाहतो, कोणी 'आश्रम' पाहतो. माझ्या परिचयाच्या एका वृद्ध गृहस्थांनी 'महाश्रमण' या शब्दापासून हे आडनाव मोठ्या भक्तिभावाने सिद्ध करून दाखविले होते. त्यांची भावना मला पूज्य आहे. परंतु व्युत्पत्तीची परीक्षा भावनेने होत नाही. ती शेजाऱ्यांनी होते. एखाद्या शब्दाची उकल खरी असेल, तर त्याच्याबरोबर एका पंक्तीला बसणाऱ्या शब्दांनाही ती थोडीफार लागू पडली पाहिजे.

मेश्रामांची पंक्त कोणती? आत्राम, गेडाम, सिडाम, टेकाम, मरकाम, नेताम, पुराम. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत राहणाऱ्याला ही पंक्त तोंडपाठ असते. ही सारी गोंडांची कुळे. गोंडी ही द्राविडी भाषा, तेलुगूची नातलग. तिच्यात टेका म्हणजे साग आणि मरका म्हणजे आंबा. टेकाम आणि मरकाम या कुळांची नावे या झाडांवरून आली, हे रसेल आणि हिरालाल यांनी मध्यप्रांतातील जातीजमातींवर १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या चार खंडांच्या ग्रंथात नोंदले आहे. आता 'श्रम' किंवा 'आश्रम' यांची किल्ली या टेकाम-मरकामांच्या कुलुपांना लावून पाहा. ती फिरत नाही. म्हणजे मेश्रामाच्या कुलुपालाही ती लागलेली नव्हती. दार आधीच उघडे होते आणि आपण किल्ली फिरविल्याचा आनंद घेत होतो. गोंडांच्या तोंडी हे कुळाचे नाव 'मेसराम' असे येते. त्यातल्या 'स'वर 'श्र'ची पगडी मराठी लिहिणाऱ्या कोणा लेखणीने चढविली असावी, असे मला वाटते. कारकुनाला आणि शाळामास्तराला संस्कृत वळणाचे अक्षर नेहमीच अधिक शुद्ध दिसते.

एवढ्यावर व्युत्पत्तीचा लेख संपला असता. पण मूळ गोंडी आहे म्हटल्याने आमचे कोडे सुटत नाही. ते येथून सुरू होते. कारण आज विदर्भात मेश्राम आडनावाची माणसे गोंडांत आहेत, परधानांत आहेत आणि पूर्वी महार म्हणविल्या जाणाऱ्या बौद्ध समाजात तर ती फारच मोठ्या संख्येने आहेत. एकाच नावाखाली इतकी निराळी घरे कशी आली? याचा विचार करण्यासाठी गोंडांच्या घरात आडनावाचे काम काय असते, ते आधी पाहिले पाहिजे.

आपण आडनाव विचारतो ते बहुधा कोणाशी सोयरीक जमेल हे पाहण्यासाठी. गोंड विचारतो ते कोणाशी जमणार नाही हे कळण्यासाठी. त्यांच्यात कुळांचे गट असतात; कोणी चार देवांचे, कोणी पाच, कोणी सहा, कोणी सात. एका गटातली कुळे एकमेकांची भावंडे, म्हणून त्यांच्यात लग्न होत नाही. मेश्रामाने मुलगी पाहावयाची ती दुसऱ्या देवसंख्येच्या घरातली. म्हणजे येथे आडनाव हे बाहेर जाण्याचे दार आहे. आपण त्याचा उपयोग आत येणाऱ्याला अडविण्यासाठी करतो, तेव्हा एकाच वस्तूचे दोन समाजांनी किती उलट उपयोग केले आहेत, हे ध्यानात येते.

तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्यात केसलापूर येथे पौष अमावास्येला नागोबाची जत्रा भरते. नागोबा हा मेसराम कुळाचा देव. जत्रेपूर्वी कुळातली माणसे अनवाणी चालत जाऊन गोदावरीचे पाणी आणतात आणि त्या पाण्याने देवाचा अभिषेक होतो. आपल्या यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतले गोंडही तेथे जातात. या जत्रेतला एक विधी मला मोठा अर्थपूर्ण वाटतो. वर्षभरात कुळात लग्न होऊन आलेल्या सुनांची तेथे देवाशी भेट घडवितात, आणि ही भेट झाली म्हणजे सून खऱ्या अर्थाने मेसराम झाली. म्हणजे हे नाव नुसते जन्माने मिळत नाही. त्यात रीतसर प्रवेश करता येतो. रक्ताच्या नात्यावर उभ्या असलेल्या समाजानेसुद्धा आपल्या नावाला एक दार ठेवलेले आहे, आणि त्यातून दरवर्षी माणसे आत येत असतात.

दुसरे दार परधानांचे. परधान हे गोंडांचे भाट. किंगरी वाजवून कुळाची कथा सांगावी, देवकार्यात आपले ठरलेले काम करावे आणि त्याबद्दल यजमानाकडून धान्य, वस्त्र, जनावर घ्यावे, असा त्यांचा परंपरेचा व्यवसाय. परधान निराळा समाज मानला जातो; गोंड आणि परधान यांच्यात लग्न होत नाही. परंतु मेसराम गोंडाचा जो परधान, तोही मेसरामच. यजमानाचे कूळ ते भाटाचे कूळ. ज्याने आपल्या कुळाची कथा पिढ्यान्‌पिढ्या जिवंत ठेवली, त्याला त्या कुळाचे नाव लावता येऊ नये, असे गोंडांना वाटले नाही. रक्त निराळे, पंगत निराळी, पण नाव एक, ही गोष्ट आमच्या मुलखात अशी जुनी आहे. सेवा, शेजार, वस्ती आणि पुढे शाळेचा व सरकारचा दप्तरी कागद, अशा अनेक वाटांनी आडनावे एका उंबरठ्यावरून दुसऱ्यावर जातात. बौद्ध मेश्राम आणि गोंड मेश्राम यांच्या नावाचे साम्य पाहून दोघे मुळात एकच, असे म्हणण्याची घाई जशी करू नये, तसे ते साम्य निव्वळ योगायोग म्हणून झटकूनही टाकू नये. शेकडो वर्षे एका मातीत राबलेल्या माणसांचा तो शेजार आहे.

या परधानांमुळेच आमच्या भागाशी एका स्कॉटिश आडनावाचा संबंध आला. नागपूरला हिस्लॉप कॉलेज आहे, हे विदर्भात सर्वांना ठाऊक असते. त्या नावाचा माणूस कोण, हे फार थोडे विचारतात. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेवरील डन्स गावी १८१७ साली जन्मला आणि १८४५ साली मिशनरी म्हणून नागपुरास आला. धर्मप्रसार हे त्याचे काम; परंतु त्याचा जीव दगडांत, जीवाश्मांत आणि रानावनातल्या माणसांत रमे. एका परधानाच्या तोंडून त्याने गोंडांच्या लिंगोची दीर्घ गाथा उतरवून घेतली. १८६३ साली टाकळघाटजवळची जुनी शिलावर्तुळे पाहून परत येताना ओढ्याच्या पुरात तो बुडाला. त्याचे कागद सर रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली छापून काढले. गोंडांची कुळे आणि देव टिपून घेणाऱ्या या माणसाचे स्वतःचे आडनाव तरी काय सांगत होते?

हिस्लॉप या नावात दोन जुने शब्द आहेत. पहिल्याचा अर्थ हेझल, म्हणजे कठीण कवचाची फळे येणारे एक झुडूप. दुसऱ्याचा अर्थ डोंगरांनी वेढलेले खोरे. हेझलच्या खोऱ्यात राहणारा तो हिस्लॉप. आपल्याकडे तो जन्मला असता तर बोरकर किंवा जांभूळकर झाला असता, आणि गोंडांच्या घरी जन्मता तर झाडावरून नाव घेणारा एखादा टेकाम! परधानासमोर कागद घेऊन बसलेला हा साहेब आडनावाच्या बाबतीत आमच्याहून काडीचाही निराळा नव्हता.

स्कॉटलंडच्या उत्तरेकडील डोंगराळ मुलखातली आडनावे मात्र निराळ्या धाटणीची. तेथे कुळे आहेत, आणि कुळाचा नायक आहे. कॅम्पबेल या प्रसिद्ध कुळाच्या नावाचा अर्थ गेलिक भाषेत 'वाकड्या तोंडाचा' आणि कॅमेरॉनचा अर्थ 'वाकड्या नाकाचा'. इंग्लंडचे एक पंतप्रधान २०१० ते २०१६ अशी सहा वर्षे हे वाकडे नाक मिरवीत होते, आणि कोणाला ते दिसले नाही! आपल्याकडच्या वाकडे आणि बोबडे या मंडळींनी मुळीच संकोच करू नये. पण मुद्दा अर्थाचा नाही, संख्येचा आहे. कॅम्पबेलांची संख्या एवढी मोठी आहे, ती काय त्या एका वाकड्या तोंडाच्या पूर्वजाची प्रजा म्हणून? तसे नव्हे. नायकाच्या जमिनीवर राहणाऱ्या, त्याच्या बाजूने लढणाऱ्या आणि त्याच्या आश्रयाला आलेल्या अनेकांनी त्याचे नाव लावले. फ्रेझर कुळाच्या एका सरदाराने आपले नाव लावणाऱ्याला पोतेभर पीठ देऊ केले होते, अशी कथा तिकडे सांगतात, आणि त्या नव्या फ्रेझरांना लोक 'पिठाचे फ्रेझर' म्हणत. पोट भरण्यासाठी नाव घेतले म्हणून हसू येते खरे. पण त्यांची नातवंडे-पणतवंडे त्या नावासाठी इतरांइतक्याच अभिमानाने लढली असतील, यात मला शंका वाटत नाही.

तेव्हा आडनाव लोकप्रिय होण्याचे दोन मार्ग दिसतात. एक झऱ्यांचा: ठिकठिकाणी, एकमेकांस न विचारता, तेच नाव निपजते. स्कॉटलंडमध्ये आज सर्वांत अधिक आढळणारे आडनाव स्मिथ, म्हणजे लोहार. जितकी गावे तितके लोहार, म्हणून जिकडे तिकडे स्मिथ. दुसरा मार्ग नदीचा: एका ठिकाणी उगम पावलेले नाव वाटेतले ओहळ पोटात घेत मोठे होते. कॅम्पबेल तसे, आणि माझ्या मते मेश्रामही तसेच.

झऱ्यांच्या जातीचे आपल्याकडील उत्तम उदाहरण म्हणजे बोरकर. बोरीचे झाड महाराष्ट्रात कोठे नाही? म्हणून बोरी, बोरगाव, बोरखेडी अशी गावे सर्वत्र आहेत आणि तितके बोरकर आहेत. कवी बा. भ. बोरकर गोव्यातल्या बोरी गावचे, सारस्वत. आणि आमच्या भंडारा मतदारसंघातून १९५४ साली लोकसभेच्या पोटनिवडणुकीत राखीव जागेवर निवडून आलेले भाऊराव बोरकर दलित समाजातले. त्या निवडणुकीत त्यांच्याविरुद्ध उभे होते साक्षात बाबासाहेब आंबेडकर. बाबासाहेबांचे आडनावही असेच गावावरून आलेले. घराणे सकपाळांचे, गाव आंबडवे; शाळेत नाव आंबडवेकर असे लागले आणि आंबेडकर नावाच्या एका ब्राह्मण शिक्षकांनी आपल्या लाडक्या विद्यार्थ्याला आपले आडनाव दिले, ही हकीकत त्यांच्या चरित्रकारांनी सांगितली आहे. शिक्षकाच्या लेखणीतून निघालेले एक आडनाव पुढे कोट्यवधींच्या ओठी बसले. त्याचे मूळ पाहू गेल्यास ते एका मास्तरांच्या मायेत आहे. त्याचा प्रसार कशात आहे, हे मी सांगण्याची गरज नाही.

'बोरकर म्हणजे कोण?' या प्रश्नाला म्हणूनच उत्तर नाही. गोव्यात विचारा, एक उत्तर येईल. भंडाऱ्यात विचारा, दुसरे. मेश्रामाचेही तेच. एस.टी.त आडनाव विचारून शेजाऱ्याची जात ताडू पाहणाऱ्या गृहस्थाला 'मेश्राम' हे उत्तर मिळाले, की तो मोठ्या पेचात पडतो. मग तो गाव विचारतो, पाहुणे-रावळे विचारतो, देव विचारतो. आडनावाने त्याचे काम केले नाही, याचा त्याला राग येतो. मला मात्र त्या आडनावाचा तो गुण वाटतो. जे आडनाव इतक्या लोकांनी धरून ठेवले, की त्यावरून कोणाची पायरी ठरविता येत नाही, त्याने समाजावर थोडे उपकारच केले आहेत.

आडनावाने जिवावर बेतते, ही गोष्टही खोटी नाही. स्कॉटलंडच्या राजसत्तेने १६०३ साली मॅकग्रेगर हे आडनावच बेकायदा ठरविले. ते लावणाऱ्यास देहान्त शिक्षा. मधल्या काही वर्षांची सवलत सोडता ही बंदी पुरती उठावयास १७७४ साल उजाडले. तोवर मॅकग्रेगरांनी कोणी कॅम्पबेल, कोणी ड्रमंड, कोणी मरे अशी उसनी नावे लावून दिवस काढले. सर वॉल्टर स्कॉटच्या कादंबरीने जगप्रसिद्ध झालेला रॉब रॉय हा मॅकग्रेगरच. तोही आईकडचे कॅम्पबेल नाव लावून वावरे. आपल्याकडे असा कायदा कधी झाला नाही. होण्याची गरजही नव्हती. घरमालकाचा एक प्रश्न पुरे होता. शहरात खोली शोधणाऱ्या किती तरुणांनी आडनाव गिळून गावाचे नाव सांगितले असेल, किती जणांनी राजपत्रात जाहिरात देऊन नवे आडनाव घेतले असेल. त्यांना मी दोष देत नाही. मॅकग्रेगरला जो दोष देत नाही, त्याने यांनाही देऊ नये.

पण त्याबरोबर दुसरी गोष्टही पाहावी. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो लोकांनी धर्म बदलला. जुने देव गेले, सण बदलले, लग्नाचा विधी बदलला, मुलांची नावे बदलली. आडनावे मात्र बहुतेकांनी ठेवली. मेश्राम मेश्रामच राहिले, रामटेके रामटेके राहिले. इतके टाकून देणाऱ्यांनी हे का टाकले नाही? मला वाटते, देव लादलेले वाटले. आडनाव लादलेले वाटले नाही. ते बापजाद्यांच्या घामाचे होते.

आता आपल्या कथा-कादंबऱ्यांकडे वळतो, कारण या बाबतीत त्यांनी केलेला अन्याय मला बोचतो. गेल्या पिढीतली मराठी कथा काढून पाहा. जोशी, देशपांडे, कुलकर्णी, प्रधान यांची तेथे रेलचेल. आडनाव घातले, की लेखकाचे निम्मे काम झाले. वाचकाने बिऱ्हाड, बोलणे, स्वयंपाकघर सगळे आपल्या मनाने भरून घ्यावयाचे. आणि त्याच घरात भांडी घासणारा रामा, दूध घालणारा भैया, गाडी हाकणारा गणपत यांना आडनावच नाही! जणू ती माणसे कोणाच्या कुळात जन्मलीच नाहीत. कथेत ज्याला आडनाव नाही त्याला इतिहास नाही, आणि ज्याला इतिहास नाही त्याच्या दुःखाला फार तर एक परिच्छेद मिळतो. आमच्या झाडीतले मेश्राम, गजभिये, खोब्रागडे, पटले, बिसेन, मडावी हे मराठी कथेत किती पानांवर भेटतात, ते मोजावयास दोन्ही हातांची बोटे लागणार नाहीत.

बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह १९६३ साली आला, तेव्हा परक्या गावी जात लपवून राहणाऱ्या माणसाचा कोंडमारा मराठी वाचकाला पहिल्यानेच इतक्या जवळून दिसला. त्यानंतर चित्र पालटू लागले. आडनावे कथेत येण्यापूर्वी मुखपृष्ठावर आली. केशव मेश्राम १९३७ साली अकोल्यास जन्मले. कवी, कादंबरीकार आणि समीक्षक म्हणून त्यांनी मराठीत आपले स्थान मिळविले. त्यांच्या कवितासंग्रहाचे नाव 'उत्खनन'. खोदून काढणे! मुळाचा शोध म्हणजे काय, हे आडनावांच्या गमतीदार याद्या करणाऱ्या आम्हा मंडळींनी त्या एका शब्दावरून शिकावे. याद्यांनी करमणूक होते, आणि दिवाळीत करमणूक हवीच. पण यादीच्या पलीकडे गेल्यावाचून आडनाव बोलू लागत नाही.

आणखी एक उणीव सांगून लेख आटोपता घेतो. आडनावांचा आपला सारा इतिहास पुरुषांचा आहे. आजी लग्नापूर्वी कोण होती, असे घरातल्या मुलांना विचारा. निम्म्या मुलांना सांगता येणार नाही. स्कॉटलंडमध्ये जुन्या थडग्यांच्या दगडांवर विवाहित स्त्रीचेही माहेरचे आडनाव कोरलेले असते; नवऱ्याशेजारी ती आपल्या कुळासह निजलेली असते. केसलापूरचा नागोबा निदान सुनेची भेट घेतो. आपण लक्ष्मीपूजनाला घरच्या लक्ष्मीला ओवाळतो आणि तिचे मूळ आडनाव विसरून जातो. या दिवाळीत फराळ करता करता मुलांनी एवढे करावे: आजी, पणजी, मावशी, आत्या यांची माहेरची आणि सासरची आडनावे विचारून एका कागदावर मांडावी. ज्या घराला आपण एका आडनावाचे समजतो त्यात दहा-बारा आडनावे नांदत आहेत, असे दिसून येईल. आणि शुद्ध कुळाचा अभिमान बाळगणाऱ्या काकांना तो कागद वाचावयास द्यावा.

दिवाळी झाली, की आमच्या भागात गावोगाव मंडई भरते. दिवसा दंडार होते, रात्री झाडीपट्टीचे नाटक रंगते, आणि घरोघर पाहुणे उतरतात. गल्लीत अनोळखी चेहरा दिसला, की ओट्यावर बसलेली म्हातारी हटकून विचारते, "कोनाकडले पावने जी?" तुम्ही कोण, हे ती विचारीत नाही, कोणाकडे आला आहात, एवढेच विचारते. ज्याच्याकडे आलो त्याचे नाव सांगितले, की त्या दोन दिवसांपुरते आपण त्या घरचे होतो. आडनावाची चौकशीही पुढे होते, नाही असे नाही. पण तोवर चहाची कपबशी हातात आलेली असते.